अर्ध्या कोयत्यावर गेलेले सर

परवा फाट्यावर बॅनर लागला. ‘भव्य नेतृत्व विकास शिबिर.’ वर अध्यक्ष साहेबांचा मोठा फोटो, हात जोडलेला, डोळ्यावर गॉगल. खाली शुभेच्छुकांची बारकी बारकी तोंडं. त्यातलं एक तोंड मी ओळखलं. ते पोरगं आमच्या खानावळीत जेवायचं. नेतृत्व कशाला म्हणतात हे त्याला शिकवता शिकवता एका माणसाचा घसा बसायचा. त्या माणसाचं नाव बॅनरवर कुठं नव्हतं. असायचं कारणही नाही. अशा माणसाचं नाव बॅनरवर येत नसतं.

मी चौथी शिकलेला. हिशेबापुरतं लिहिलं असेल तेवढंच. गया असती तर तिनं हे सगळं सांगितलं असतं आणि मी बाजूला बसून ऐकलं असतं. तिला सांगता यायचं. मला फक्त भांडता येतं. ती नाही, म्हणून माझ्या वाट्याला आलं.

परळी रोडला, सिरसाळ्याच्या अलीकडं एक फाटा आहे. तिथं मी आणि माझी बायको गया खानावळ चालवायचो. चुलीवरची भाकरी, दोन भाज्या, वरण, ठेचा. समोर कॉलेज. संस्थेचं नाव लिहीत नाही. अध्यक्ष साहेबांनी तिथं बीबीएची पदवी सुरू केली होती. धंदा कसा चालवायचा, माणसं कशी सांभाळायची, याचं तीन वर्षांचं शिक्षण. शिकायला पोरं कुणाची? ऊसतोड्यांची, गॅरेजवाल्यांची, कुणाचा बाप रोजगारी. ज्यांच्या सात पिढ्यांनी दुसऱ्याचा हुकूम ऐकला, त्यांची पोरं हुकूम कसा द्यायचा ते शिकायला आली होती. आणि त्यांना शिकवायला शेख सर.

शेख नासेर. बीडचे. वडील फळांचा गाडा लावायचे, भाऊ अजून लावतो. हा एकटा शिकला. मोठमोठ्या परीक्षा पास झाला, आणि तासावर मास्तर लागला. जेवढे तास तेवढाच मास्तर. उन्हाळ्यात तास नाहीत तर मास्तरही नाही. उन्हाळ्यात काय करायचं? तर गावोगाव फिरून कॉलेजला पोरं आणायची. जो पोरं आणील त्याचे तास पुढच्या साली राहतील. भर उन्हात डोक्याला रुमाल बांधून, जुनी मोपेड घेऊन हा माणूस वाड्या-तांड्यांवर फिरायचा आणि आईबापांना सांगायचा, पोरगी शिकवा. चाळिशीला आला तरी लग्न नव्हतं. तासाच्या मास्तरला पोरगी कोण देतो?

अंगानं काटकुळा. पांढरा शर्ट, घडी मोडलेली कधी दिसली नाही. गळ्यात एकच टाय, तीसुद्धा वर्गाच्या दारात घालायचा आणि दारातच काढून खिशात ठेवायचा. मी एकदा विचारलं, "सर, टाय कावून काढता?" तर म्हणे, "काका, संस्थेचा नियम हाय, वर्गात टाय पायजे. नियम वर्गातच ठेवून येतो." फळवाल्याचं पोरगं, त्यामुळं एक खोड होती. गयानं भाजी आणली की पिशवीत हात घालायचा, एकेक टोमॅटो दाबून बघायचा आणि म्हणायचा, "मावशी, तुला फशिवलं."

"फशिवू दे," गया म्हणायची. "त्याचं बी पोट हाय. तू जेव गप."

ती त्याला नासेर म्हणायची. आम्हाला एक पोरगी, ती लग्न होऊन लातूरकडं गेली. पोरगा नाही. गयानं हा असाच धरून ठेवला. सणाला त्याच्यासाठी पुरणपोळी झाकून ठेवायची आणि रमजानमध्ये मला बजवायची, त्याच्यासमोर चहा पीत बसू नका.

पोरं त्याला ‘कावून सर’ म्हणायची. त्याच्या कुठल्या पुस्तकात लिहिलेलं होतं म्हणे, की काही बिघडलं तर पाच वेळा ‘का’ विचारायचं, मग मूळ सापडतं. पुस्तकात इंग्रजीत असेल. हा आपल्या बोलीत विचारायचा. मी चहा घेऊन वर्गात गेलो होतो तेव्हाचं एक सांगतो. एक पोरगं उशिरा आलं. तेच, बॅनरवरचं.

"उशीर कावून?"

"बस चुकली सर."

"कावून चुकली?"

"उठायला उशीर झाला."

"कावून?"

"पाण्याच्या टँकरला नंबर लावून बसलतो. मीच असतो ना घरी."

"तूच कावून? बहीण हाय ना तुला?"

"तिचं लगीन लावलं दिवाळीच्या आधी."

त्याची बहीण केवढी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनी पाचवा ‘कावून’ विचारला, पण आवाज उतरला होता. पोरगं खाली बघून म्हणालं, "आईबाप तोडीला जाणार. घरात पोरगी कुणाच्या भरोशावर ठेवायची सर?"

सर म्हणाले, "बस खाली. बस चुकली असं पुन्हा सांगू नको. बसचा काय बी गुन्हा न्हाई."

मी चहा ठेवला आणि निघालो. बाहेर आल्यावर मला वाटलं, हा माणूस ह्या पोरांना काहीतरी भलतंच शिकवतोय. कंपनीत नोकरी लागायला हे कशाला पायजे?

असंच त्याचं दुसरं एक वाक्य होतं. "मॅनेजमेंट म्हंजे दुसऱ्याकडून काम करून घेणं. पेपरात तसंच लिवा, मार्क मिळतील. आन घरी गेल्यावर बघा, तो दुसरा कोण हाय."

खानावळीत भिंतीला आमचा फळा होता, आज काय भाजी ते लिहायला. त्याच्यावर एकदा त्यानं पायऱ्या काढल्या. माणसाला आधी काय लागतं, मग काय लागतं, त्याच्या त्या पायऱ्या. सगळ्यात खाली अन्नपाणी, मग निवारा, मग माया, मग मान, आणि सगळ्यात वर काहीतरी अवघड नाव. गया भाकरी थापता थापता बघत होती.

"खालची पायरी म्हंजे मीच की रे."

"तूच मावशी. तू हाललीस की वरचे सगळे पडले."

"आन तू कुठं हायस?"

त्यानं खडू दोन-तीन पायऱ्यांवर फिरवला. कुठंच टेकवला नाही. मग फळा पुसला आणि लिहिलं, ‘आज शेवगा.’

पोरांना त्यानं एकदा आमची खानावळच चालवायला लावली. एक दिवस. म्हणे, नियोजन, वाटणी, देखरेख सगळं पोरं करणार, तुम्ही दोघं फक्त जेवायला बसायचं. मी म्हणालो, माझं गिऱ्हाईक पळवशील. गया म्हणाली, करू द्या. मला वाटलं पोरं भाकरी जाळतील, वरण करपवतील, आणि गया कमरेवर हात ठेवून हसेल. तसं झालं नाही. पोरांनी झकास केलं. अर्चना नावाची एक पोरगी होती, कुणी पुढं केलं नाही तरी तीच पुढं झाली. ट्रकवाल्यांना आधी बसवलं, कारण त्यांना निघायची घाई. कॉलेजवाल्यांना मागून. भाकरी थापायला ज्यांना येतं त्यांनाच बसवलं, त्यात दोन पोरगेही होते, आणि कुणी त्यांना हसलं तर तिनं डोळे वटारले. गया परक्या पाहुणीसारखी ताटावर बसून होती. हात कुठं ठेवावा कळेना तिला. शेवटी म्हणाली, "आयुष्यात पैल्यांदा गरम भाकरी खाल्ली मी." तेव्हा सर दाराकडं तोंड करून उभे होते. त्यांना अर्चनाकडं बघून जो आनंद झाला होता, तो लपवायला उभे होते.

ती अर्चना ऊसतोड्याची पोर. बाप अंकुश. दिवाळी झाली की नवरा-बायको तोडीला. पोरगी आजीपाशी राहून शिकायची. सरांनीच तिला उन्हाळ्यात फिरून तांड्यावरून आणलेली. बापाला शब्द दिला होता, तिची पदवी झाल्याशिवाय मी कॉलेज सोडत नाही. आता ज्याचे स्वतःचे तास पुढच्या साली राहतील की नाही ठाऊक नाही, त्यानं असा शब्द द्यावा का? मी म्हणालो होतो तसं. माझं कोण ऐकतो.

मग कमिटी आली.

कमिटी म्हणजे विद्यापीठाची माणसं तपासायला येतात. मास्तर आहेत का, पुस्तकं आहेत का, पोरं बसतात का. कमिटी यायच्या आदल्या दिवशी ट्रकभर पुस्तकं आली. दुसऱ्या कुठल्या शाळेतले कॉम्प्युटर आले. सकाळी जीपमधून कोट घातलेले मास्तर उतरले, कुणी कुठला, कुणी कुठला, एका दिवसापुरते. त्यांचा नाश्ता आमच्याकडंच झाला. सगळीकडं असंच चालतं, त्यात कुणाला काही वाटत नाही. अध्यक्ष साहेबांनी शेख सरांना सांगितलं होतं, पोरांना पढवून ठेवा. कुणी विचारलं तर हे सगळे मास्तर रोजचे आहेत म्हणायचं.

सर गप राहिले होते. कमिटीनं नापास केलं तर कोर्स बंद, एवढं त्यांना कळत होतं. पण पोरांना त्यांनी सांगितलंच नाही.

कमिटीतल्या बाईंनी वर्गात विचारलं, "लीडर म्हणजे काय, तुमच्या शब्दांत कोण सांगेल?"

अर्चना उठली. "मॅडम, जो रोज असतो तो."

"म्हणजे?"

"आमचे शेख सर रोज असतात. हे बाकीचे सर आमी आजच पैल्यांदा बघितले."

मी पाण्याचा जग घेऊन दारात होतो. अध्यक्ष साहेब हसत म्हणाले, "पोरगी खेड्यातली हाय, घाबरली." तर ती म्हणाली, "न्हाई सर. मी न्हाई घाबरले."

त्या दिवशी सर दुपार टळून गेल्यावर खानावळीत आले आणि नुसते बसले.

गयानं विचारलं, "पोरांना सांगायचं राहिलं का तुझ्याकडून?"

"राहिलं न्हाई मावशी. दोनदा वर्गात गेलो. तोंडातून निघालं न्हाई."

"पोरगी खोटं बोलली का?"

"न्हाई."

"मग जेव."

तो जेवला नाही. बाहेरून अध्यक्ष साहेबांचा आवाज येत होता, सगळ्या फाट्याला ऐकू जाईल असा. "एक पोरगी आवरता येईना, आन लीडरशिप शिकवतो बे!"

कोर्स बंद झाला. नवी भरती नाही. शेवटच्या वर्षाच्या पोरांना सांगितलं, तुमचं नाव बीडच्या कॉलेजला जोडलंय, परीक्षा तिथं द्या, अभ्यास तुमचा तुम्ही करा. पोरांनी कुणाला शिव्या दिल्या? अध्यक्ष साहेबांना? नाही. अर्चनाला दिल्या. सरांनाही दिल्या. ‘खरं बोलायची खाज होती, आमचं वर्ष घालवलं.’ हे दोन वर्षं नेतृत्व शिकलेले. त्यातले बरेचसे दुसरीकडं गेले. बॅनरवरचं ते पोरगं अध्यक्ष साहेबांच्या गाडीमागं फिरायला लागलं. आठ-दहा पोरं राहिली, त्यात अर्चना.

त्यांचा वर्ग मग खानावळीत भरायला लागला. दुपारची गर्दी सरली की. सर बीडहून मोपेडवर यायचे. कुणाचे ना मास्तर, कुठल्या हजेरीत ना नाव. गया गिऱ्हाइकाच्या मागं लागायची, "जेवलात ना? उठा मग, वर्ग भरायचाय." कुणी म्हणालं, "मावशी, खानावळ हाय का शाळा?" तर म्हणायची, "ताट धुवून ठेवलंय, डोकं धुवायचं ऱ्हायलंय. बसतोस का तू बी?"

वर्षभर असं चाललं. होळी झाली. शेवटच्या सेमिस्टरचे पेपर तोंडावर आले होते, आणि एक दिवस दुपारी अंकुश दारात उभा राहिला. तोडीवरून मध्येच आला होता. बायकोला कंबरेचं दुखणं लागलं, उठता येईना, तिला घरी आणून टाकली होती. कारखाना अजून बंद व्हायचा होता, ऊस उभा होता.

कोयता म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यानं तोडायचं, तिनं गोळा करायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीपाशी न्यायची. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. बायको पडली की अंकुश अर्धा कोयता झाला. अर्ध्याला मुकादम टोळीत ठेवत नाही. ती जागा घरातलंच कुणीतरी भरायची, अशी रीत आहे.

"चल," अंकुश अर्चनाला म्हणाला. "कपडे घे."

अर्चना पुस्तक मिटून उठली. कमिटीसमोर न घाबरलेली पोरगी, बापासमोर गप उठली. मला ते बघवलं नाही.

"अंकुशराव," सर म्हणाले, "पेपर हायेत तिचे. शेवटचे."

"मास्तर, तुमी बोलू नका. तुमी तिला खरं बोलायला शिकिवलं. बोलली. कॉलेज बुडालं. आता पेपर कुणाला दाखवायचे?"

"पदवी भेटंल तिला."

"आन माझा कोयता कोण भरील? मुकादम उद्या दुसरी जोडी आनून उभी करतो. तुमी येता का मोळ्या व्हायला?"

तो टोमणा होता. आम्हाला सगळ्यांना कळलं तो टोमणा होता. सरांना कळलं नसेल असं नाही.

"येतो," सर म्हणाले.

अंकुश हसला. "अहो, बायांचं काम हाय ते."

"मग बायांना येतंय तर मला कावून येनार न्हाई?"

"मान मोडंल तुमची."

"मोडली तर मुकादमाला सांगा, हा बी अर्धाच निघाला."

मी म्हणालो, "येडा झाला का बे तू? शिकलेला मानूस." त्याला ‘बे’ म्हणालो तेव्हा पहिल्यांदाच. तो म्हणाला, "काका, शब्द दिलता ह्यांना. फिरायच्या टायमाला दिलता, उन्हाळ्यात."

राहिला प्रश्न पोरीला पेपरापुरतं बीडला ठेवायचा. तो गयानं सोडवला. अंकुशला म्हणाली, "नासेरच्या आईपाशी ऱ्हाईल. मी त्या बाईच्या घरचं पानी पिलेली हाय. माझा शब्द धर." अंकुश चुलीकडं बघून म्हणाला, "तुमच्या शब्दावर, अक्का." सरांनी स्वतःचा मोबाईल अर्चनाला दिला, परीक्षेचे निरोप त्याच्यावर यायचे म्हणून. पांढरा शर्ट गयाकडं ठेवायला दिला, आणि माझा जुना सदरा घालून, कडा गावाच्या पुढं नगरच्या हद्दीत जिथं टोळी होती तिथं, अंकुशबरोबर निघून गेले.

पुढचं आधी सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. अर्चना पास झाली. पुण्याला कुठल्याशा कंपनीत आहे, माणसं कामाला ठेवायचं काम करते म्हणे. सणाला फोन करते आणि सरांचं विचारते. मला ठाऊक असतं तर सांगितलं असतं. तोडीवरून सुटल्यावर सर फाट्यावर येऊन गेले. मी तेव्हा पोरीकडं लातूरला होतो, खानावळीला कुलूप होतं. शेजारच्या टायरवाल्यानं त्यांना सगळं सांगितलं. तो म्हणतो, पायरीवर बसले होते दुपारपर्यंत, पाणी दिलं तर घेतलं नाही, मग उठून गेले. त्यांची आई गेली, भाऊ पत्ता सांगत नाही. कुणी म्हणतं औरंगाबादला क्लासमध्ये शिकवतात, कुणी म्हणतं शिकवणंच सोडलं. माझ्यावर राग धरला असेल तर धरू दे. मी जे केलं ते पुन्हा करीन.

काय केलं ते सांगतो.

सर तोडीला गेल्यावर थोड्याच दिवसांत गयाला छातीत दुखायला लागलं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात ठेवली. मी म्हणालो, नासेरला निरोप धाडतो. तर नळ्या लावलेल्या हातानं माझी बाही धरली. "खबरदार. तो तिथून हालला की अंकुश पोरीला बोलावनार. पेपर हू द्या तिचे."

"आन तुझं?"

"माझं काय पेपर हाय का?"

असं म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी गेली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची सोबत, आणि शेवटचं बोलणं काय, तर दुसऱ्याच्या पोरीचे पेपर. मला राग आला होता. अजून आहे. माझ्यासाठी एक शब्द ठेवायला काय झालं होतं तिला?

दहावा झाला. डोकं भादरलं. पोरगी म्हणाली लातूरला चला. मी म्हणालो येतो, आधी एक काम आहे. शेख सरांना सांगायला निघालो होतो. सांगायचंच, असं ठरवून निघालो होतो. तिनं पोरासारखा धरला, त्याला कळायला नको? मी एकट्यानं किती दिवस रडायचं? निघताना फडताळात तिनं कुटून ठेवलेली कारळाची चटणी दिसली, एका डब्यात. तिच्या हातची तेवढीच राहिली होती. ती घेतली.

बीडवरून कड्याची गाडी धरली. तिथून पुढं विचारत विचारत फडावर गेलो. ऊन मी म्हणत होतं. अर्धा फड तोडून पडलेला, पाचट तापलेलं. बाया वाकून मोळ्या बांधत होत्या, आणि त्यांच्यात एक बापय. माझा सदरा पाठीला चिकटलेला, डोक्याला चुंबळ, कानापासून हनुवटीपर्यंत उसाच्या पात्यांनी चिरलेलं तोंड. मी बांधावर उभा राहिलो. डोक्याला टॉवेल गच्च गुंडाळला होता, कानावरून. सांगायच्या आधीच डोकं बघून कळायला नको, म्हणून.

"काका! तुमी?" पळत आला. पळता येत नव्हतं, तरी पळत आला. "टॉवेल कावून एवढा बांधलाय? ऊन लागतंय?"

"लागतंय."

"मावशी कशी हाय?"

मी विचारलं, "पेपर झाले का पोरीचे?"

"उद्याचा एक ऱ्हायला. शेवटचा." त्याचे डोळे असे चमकले की मला खाली बघावं लागलं. मागं अंकुश कोयता चालवत होता, मधेच मान वर करून आमच्याकडं बघत होता. उद्याचा एक. मी तोंड उघडलं तर हा आत्ता, असाच, माझ्याबरोबर निघणार. अंकुश पोरीला फोन करणार. आणि तिकडं अंबाजोगाईच्या खाटेवर माझी बाही धरून जे बोलली, ते फुकट जाणार.

"मावशी कशी हाय, काका?"

"कशी असती? हाय. चटनी दिलीय."

त्यानं डबा उघडला. बोटं सुजलेली, झाकण निघेना, मीच काढून दिलं. उभ्यानंच चिमूटभर तोंडात टाकली. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, तिखटानं असेल.

"मीठ जास्त झालंय," म्हणाला. "सांगा तिला. म्हनावं, म्हातारी झालीस."

"सांगतो."

"आन म्हनावं, परवा येतो. शेवग्याची भाजी कर."

"सांगतो."

मुकादम गाडीवरून ओरडला, "ओ मास्तर! गाडी ऱ्हायलीय भरायची, गप्पा काय हानता!" त्यानं डबा सदऱ्याच्या आत खोचला आणि मोळीपाशी गेला. एकट्यानं मोळी डोक्यावर चढत नाही, दुसऱ्याला हात द्यावा लागतो. मी हात दिला. पुष्कळ जड होती. त्याचे पाय जरा लटपटले, मग स्थिर झाले.

"निघा काका. ऊन हाय. सावकाश जा."

तो गाडीकडं चालायला लागला. मी टॉवेल सोडला. उघडं डोकं घेऊन तिथंच बांधावर उभा राहिलो. आता त्यानं बघितलं तरी चालेल असं मला वाटलं. पण डोक्यावर मोळी असली की माणसाला मान वळवता येत नाही. तो तसाच गेला.